बेचक्यातला अडथळा : एका दुर्मिळ विकाराच्या ओळखीचा इतिहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या पुतण्याच्या १९ वर्षांच्या मुलीला विषमज्वर झाला. ताप उतरला, परंतु तोवर मूळचीच सडपातळ असलेली ती मुलगी दहा-अकरा किलोंनी खाली आली होती. ताप गेला म्हणून घरात सारे निश्चिंत झाले आणि तेथूनच खऱ्या दुखण्याला सुरुवात झाली. पानावर बसावे, चार घास खावेत, की पोट तट्ट फुगे. तासाभरात कळा येत आणि अखेर हिरवट, कडूजहर उलटी होई. आजीने प्रथम दृष्ट काढली. नंतर पित्त उसळले असे ठरवून लंघन करविले. एका डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी दुर्बीण घालून जठर पाहिले व ते निर्दोष असल्याचे सांगितले. तिसऱ्या ठिकाणी, मुलगी सडपातळ राहण्याच्या नादात मुद्दाम उलट्या काढते, असा निर्वाळा मिळाला. त्या दिवसापासून घरातही तिच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. वजन ३४ किलोंवर आले.

चौथ्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. आधी वजन उतरले की आधी उलट्या सुरू झाल्या? आणि जेवल्यावर कसे झोपले म्हणजे बरे वाटते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या वहिनींनी, म्हणजे मुलीच्या आजीने दिले : "पोटाशी गुडघे घेऊन पालथी पडते, तेव्हा कुठे तिला चैन पडते." ही गोष्ट घरातल्या सर्वांना ठाऊक होती, परंतु तोवर कोणी विचारली नाही, म्हणून कोणी सांगितली नाही. सीटी स्कॅन झाला आणि विकाराला नाव मिळाले. ग्रंथांत त्याला 'सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी सिंड्रोम' म्हणतात. एका स्कॉटिश शल्यचिकित्सकाच्या स्मरणार्थ 'विल्की सिंड्रोम' असेही म्हणतात.

मी वैद्यक शिकलेलो नाही. आयुष्य राज्य शासनाच्या सेवेत गेले. कागद वाचण्याची आणि त्यांवरील तारखा क्रमाने लावून पाहण्याची सवय तेवढी हाताशी आहे. त्या सवयीनेच या विकाराविषयी जे वाचले, ते येथे मांडीत आहे. तपशिलात शिरल्यावर असे ध्यानात आले की या विकाराच्या ओळखीचा सारा इतिहास त्या पहिल्या प्रश्नाभोवतीच फिरतो : आधी काय घडले?

प्रथम पोटातील रचना पाहू. हृदयापासून निघालेली महारोहिणी पाठीच्या कण्याच्या पुढून खाली उतरते. कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास तिला पुढच्या बाजूस एक मोठी शाखा फुटते. लहान आतड्याच्या बहुतेक भागाला आणि मोठ्या आतड्याच्या निम्म्याअधिक भागाला ही शाखा रक्त पुरविते. बुंध्यातून फांदी फुटावी तशी ती तिरपी खाली जाते आणि त्या दोहोंमध्ये एक बेचके तयार होते. जठरातील अन्न ज्या भागात प्रथम उतरते ती ग्रहणी, म्हणजे लहान आतड्याचा आरंभ. ही ग्रहणी वळसा घेऊन उजवीकडून डावीकडे जाते, आणि जाताना नेमकी या बेचक्यातून जाते. तिच्या मागे महारोहिणी व कणा, पुढे ती शाखा. निरोगी माणसात या बेचक्याचा कोन साधारणतः ३८ ते ६५ अंशांचा असतो आणि ग्रहणी जेथून जाते तेथे दोन रक्तवाहिन्यांमधील अंतर १० ते २८ मिलिमीटर असते. हे अंतर राखण्याचे काम मुख्यत्वे तेथील मेदाची गादी करते.

माणूस झपाट्याने वाळला म्हणजे ही गादीही झडते. फांदी बुंध्याकडे मिटू लागते. कोन २५ अंशांच्या खाली जातो, अंतर ८ मिलिमीटरच्या आत येते आणि मधले आतडे चेपले जाते. अन्न पुढे सरकत नाही. जठर आणि ग्रहणीचा अलीकडचा भाग तुंबतो. पित्त ग्रहणीत उतरते ते या अडथळ्याच्या अलीकडे. म्हणून उलटीत पित्त पडते. उलटीच्या धास्तीने माणूस खाणे टाळतो, वजन आणखी घटते, उरलेली गादीही जाते आणि बेचके अधिकच आवळते. उताणे झोपले असता ही शाखा मागे कण्याकडे पडते व त्रास वाढतो. पालथे किंवा डाव्या कुशीवर झोपले, अथवा गुडघे छातीशी घेतले, तर बेचके किंचित उघडते. आमच्या मुलीच्या शरीराने हा उपाय कोणत्याही ग्रंथावाचून शोधून काढला होता.

हा विकार प्रथम दिसला तो मृत शरीरात. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की (१८०४–१८७८) यांनी तेथील सार्वजनिक रुग्णालयात स्वतः ३० हजारांच्या वर शवविच्छेदने केली असे मानले जाते. त्यांच्या विकृतिशास्त्रावरील ग्रंथाचे खंड १८४२ ते १८४६ या काळात प्रसिद्ध झाले आणि पुढे १८६१ पर्यंत त्याची सुधारित आवृत्ती निघाली. या विकाराच्या पहिल्या वर्णनाचा मान त्यांनाच दिला जातो. म्हणूनच काही ठिकाणी त्याचे वर्ष १८४२, तर काही ठिकाणी १८६१ असे आढळते. रोकिटान्स्की रुग्णांवर उपचार करीत नसत. त्यांच्यासमोर येई ते मरण पावलेले शरीर आणि त्यातील आतड्यावर पडलेला दाब. परंतु शवातून घटनांचा क्रम कळत नाही. मृत माणूस कृश आहे आणि त्याचे आतडे चेपलेले आहे, एवढेच दिसते. कृशतेमुळे आतडे चेपले, की आतडे चेपल्यामुळे माणूस कृश झाला, हे सांगायला तो उरलेला नसतो.

दुसरा पुरावा अगदी वेगळ्या दिशेने आला. १८७० नंतरच्या दशकात, वाकलेला कणा सरळ करण्यासाठी धडाभोवती प्लास्टरचे घट्ट कवच घालण्याची पद्धत अमेरिकेतून इंग्लंडमध्ये पोहोचली. १८७८ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वृत्तान्तात विलेट या शल्यचिकित्सकाने एक प्रकरण नोंदविले. असे कवच घातलेल्या तरुण रुग्णाला उलट्या सुरू झाल्या आणि त्यातच मृत्यू आला. कण्याला ताण देऊन माणसाला ताठ, उताणे जखडून ठेवले, की बेचके मिटण्यास अनुकूल स्थिती तयार होते, ही संगती पुढे हळूहळू लागत गेली. १९५० मध्ये डॉर्फ या अमेरिकन डॉक्टरने अशी प्रकरणे एकत्र करून त्यांना 'कास्ट सिंड्रोम' हे नाव दिले. म्हणजे पहिल्या मृत्यूची नोंद आणि त्याला मिळालेले नाव यांत ७२ वर्षांचे अंतर पडले.

जिवंत माणसात हा विकार ओळखण्यासाठी पोटाच्या आत पाहता येणे आवश्यक होते. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. विसाव्या शतकाच्या आरंभी आधी बिस्मथ व नंतर बेरियम पाजून अन्नमार्गाचे चित्र पाहण्याची पद्धत रूढ झाली. आता ग्रहणी कोठपर्यंत फुगली आहे आणि बेरियम कोणत्या जागी उभ्या रेषेत कापल्यासारखे अडते आहे, हे डोळ्यांना दिसू लागले. याच सुमारास शस्त्रक्रियेचा मार्गही सुचला. बाल्टिमोरचे ब्लडगुड यांनी १९०७ मध्ये, अडलेली ग्रहणी पुढच्या आतड्याला जोडून अडथळ्याला वळसा घालण्याची कल्पना मांडली आणि १९०८ मध्ये स्टेव्हली यांनी ती प्रत्यक्षात आणली.

डेव्हिड विल्की यांचा प्रवेश येथे होतो. १८८२ मध्ये स्कॉटलंडमधील किरिम्यूर गावी जन्मलेले विल्की १९२४ मध्ये एडिंबरो विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी 'क्रॉनिक ड्युओडिनल इलिअस', म्हणजे ग्रहणीच्या दीर्घकालीन अवरोधावर निबंध लिहिला आणि १९२७ मध्ये तब्बल ७५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रोकिटान्स्कींनी शवात पाहिलेली गोष्ट विल्कींनी जेवणाऱ्या, दुखणाऱ्या, बोलणाऱ्या माणसांत पाहिली. त्यामुळे क्रमही लागला आणि रुग्ण कोणत्या स्थितीत विसावतो याचीही नोंद होऊ लागली. १९३६ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९३८ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते निधन पावले. विकाराला त्यांचे नाव चिकटले ते या ७५ रुग्णांमुळे.

परंतु हे नावच पुढे विकाराच्या ओळखीला अडचणीचे ठरले. तो काळ समजून घेतला पाहिजे. फ्रान्समध्ये लिऑन येथील ग्लेनार यांनी १८८५ मध्ये, पोटातील अवयव खाली घसरल्याने अनेक व्याधी होतात असा सिद्धान्त मांडला होता. लंडनचे आर्बुथनॉट लेन हे नामांकित शल्यचिकित्सक, आतड्यांतील तुंबाऱ्यामुळे सारे शरीर विषारी होते असे मानून मोठे आतडे काढून टाकीत असत. पोटाच्या अस्पष्ट तक्रारींमागे कोठे तरी पीळ, घडी किंवा दाब असलाच पाहिजे, अशी त्या पिढीची धारणा होती. अशा वातावरणात विल्कींचे निदानही सैलपणे वापरले गेले. ज्यांची ग्रहणी जराशी फुगलेली दिसली, त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. पुष्कळांना त्यापासून गुण आला नाही. पुढे अवयव घसरण्याचे ते सिद्धान्त मोडीत निघाले आणि ओल्याबरोबर सुकेही जळावे तसे हे निदानही संशयाच्या फेऱ्यात सापडले. १९८५ मध्येसुद्धा एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातील लेखाच्या शीर्षकात, हा विकार अस्तित्वात नाहीच, की आहे, असा प्रश्न विचारलेला आढळतो. बेरियम तपासणी केलेल्या रुग्णांपैकी ०.०१३ ते ०.३ टक्के लोकांत हा विकार सापडतो, असे अंदाज ग्रंथांत दिलेले असतात. इतक्या क्वचित भेटणाऱ्या व्याधीबद्दल एकदा अविश्वास निर्माण झाला, की तो दूर होण्यास पिढ्या लागतात.

तो अविश्वास दूर केला तो तर्काने नव्हे, अशा रुग्णांनी, ज्यांच्याबाबत घटनांचा क्रम निर्विवाद होता. १९७२ मध्ये अमेरिकन सैन्याच्या शल्यसंशोधन संस्थेतील डॉक्टरांनी, गंभीर भाजलेल्या रुग्णांत हा विकार उद्भवल्याचे नोंदविले. ज्यांचे अंग भाजून निघाले, जे आठवडेच्या आठवडे उताणे पडून राहिले आणि ज्यांचे वजन वैद्यांच्या डोळ्यांदेखत वितळले, त्यांच्या उलट्या कल्पित आहेत असे कोण म्हणणार? मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण, कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकाएकी सरळ व उंच झालेली मुले, कर्करोगाने खंगलेली माणसे यांच्या नोंदीही याच प्रकारच्या आहेत. या सर्वांत वजन आधी घटले किंवा कणा आधी ताणला गेला, आणि अडथळा नंतर आला.

त्यानंतर सीटी स्कॅन आला. १९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. १९७९ मध्ये त्यांना व कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज या यंत्राने बेचक्याचा कोन अंशांत आणि अंतर मिलिमीटरांत मोजता येते. तरीही जाणकार एक इशारा देतात, आणि तो विल्कींच्या नंतरच्या अनुभवातून आलेला आहे. कृश माणसाचा कोन लहान असू शकतो, तरी तो सुखाने जेवतो. तेव्हा केवळ मोजमापावरून निदान करू नये. अडथळ्याच्या अलीकडचा भाग फुगलेला दिसला पाहिजे, लक्षणे जुळली पाहिजेत आणि अल्सर, क्षय, गाठ अशी अधिक नित्याची कारणे आधी दूर सारली पाहिजेत. जठराची दुर्बीण निर्दोष निघाली म्हणजे रुग्ण निरोगी, असेही म्हणता येत नाही. ती नळी बहुधा ग्रहणीच्या दुसऱ्या भागापर्यंतच जाते आणि अडथळा तिसऱ्या भागात असतो. आमच्या मुलीच्या बाबतीत हेच झाले होते.

उपचाराचा इतिहास मात्र दिलासा देणारा आहे. कारण मेदाची गादी झडणे हे असेल, तर ती पुन्हा भरणे हाच पहिला उपाय. प्रथम नाकातून नळी घालून तुंबलेले जठर मोकळे करतात आणि उलट्यांवाटे गेलेले पाणी व क्षार भरून काढतात. मग एक बारीक नळी अडथळ्याच्या पलीकडे नेऊन तिच्यातून द्रव आहार देतात. १९६८ च्या सुमारास फिलाडेल्फियाचे डडरिक व त्यांचे सहकारी यांनी शिरेतून संपूर्ण पोषण देण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली, त्यामुळे आतड्यातून देणे शक्य नसेल तेथेही मार्ग मोकळा झाला. परंतु उपाशी देहाला भराभर खाऊ घालणे धोक्याचे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काहींना पोटभर अन्न मिळाल्यावरच मृत्यूने गाठले, हा धडा वैद्यकशास्त्र विसरलेले नाही. म्हणून रक्तातील क्षारांवर लक्ष ठेवून आहार सावकाश वाढवितात. एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया. १९५८ मध्ये स्ट्राँग यांनी, ग्रहणीला वर टांगून धरणारा बंध कापून ती खाली मोकळी करण्याची रीत सुचविली. प्रागच्या ट्राइट्झ यांनी १८५३ मध्ये वर्णिलेला तो हाच बंध. ग्रहणी पुढच्या आतड्याला जोडण्याची जुनी शस्त्रक्रिया अधिक खात्रीची मानली जाते आणि १९९० नंतरच्या दशकात ती दुर्बिणीतूनही होऊ लागली.

आता पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. ज्या तिसऱ्या डॉक्टरांनी आमच्या मुलीला मनोरुग्ण ठरविले, त्यांचा संशय अगदीच निराधार होता असे मला म्हणता येत नाही. मुद्दाम उपाशी राहण्याचा 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हा मानसिक विकार खरा आहे, आणि त्यात वजन घटल्यामुळे हाच शारीरिक अडथळा निर्माण होऊ शकतो. म्हणजे आजार मनाचा की शरीराचा, असा प्रश्न विचारणेच अपुरे आहे. एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात. चूक झाली ती क्रम न विचारण्यात. विषमज्वर कोणत्या महिन्यात, वजन कधी किती होते, पहिली उलटी कधी, या तीन तारखा एका कागदावर लिहिल्या असत्या, तर निदानाला लागलेले पाच महिने वाचले असते. कार्यालयात एखाद्या प्रकरणात आम्ही हेच प्रथम करीत असू. घरातल्या मुलीसाठी मात्र मला ते सुचले नाही, ही खंत आहे.

आपल्या समाजात ही सावधगिरी विशेष हवी. क्षय, विषमज्वर, दीर्घ जुलाब यांनी माणसे आपल्याकडे आजही खंगतात, आणि आजारातून उठलेल्या माणसाला लंघन घडविण्याची जुनी सवय अनेक घरांत टिकून आहे. दुसरीकडे वजन झपाट्याने उतरविण्याच्या शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या आहेत. २०२५ पासून त्यासाठीची नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. मळमळ आणि उलट्या हा त्या औषधांचा परिचित दुष्परिणाम आहे. म्हणून उलट्या थांबत नसतील, त्यांत पित्त पडत असेल, तर त्या औषधाच्याच खात्यावर टाकून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. खंगलेल्या माणसाचे चार घासांत पोट भरते, जेवणानंतर कळा येतात, हिरवट उलटी होते आणि पालथे पडल्यावर आराम वाटतो, एवढी लक्षणे एकत्र दिसली तर ती डॉक्टरांना न विचारता सांगावीत. तुंबलेले जठर क्वचित फुटते, रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर उतरते. हा विकार जिवावर बेतू शकतो.

आमची मुलगी सहा आठवडे नळीतून पोसली गेली. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. आठ किलो वजन भरल्यावर नळी निघाली आणि त्यानंतर काही दिवसांनी, गणपतीत, ती पंगतीला बसली. तिने मोदक निम्मा खाल्ला व उरलेला बाजूला ठेवला. कोणी काही बोलले नाही. तासाभराने ती उठून आली आणि तो उरलेला अर्धाही तिने खाल्ला. वहिनींनी तिच्याकडे पाहिले, मग देवाकडे पाहिले आणि त्या पुन्हा वाढायला वळल्या.